पडद्यावरचा नुक्ता

उर्दूच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन शब्द लिहितो, ‘खुदा’ आणि ‘जुदा’. उर्दूत दोन्हींचा सांगाडा एकच आहे. नुक्ता वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. मुलं हसतात, आणि मग वर्षभर नुक्ता विसरत नाहीत. मराठीच्या तासाला हाच खेळ ‘घ’ आणि ‘ध’ यांचा. एकाची शिरोरेषा सलग, दुसऱ्याची तुटलेली. तेवढ्या फटीवर आकाशातली घार आणि सुरीची धार वेगळ्या राहतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला देणगीत संगणकांची खोली मिळाली. कोपऱ्यात एक दणकट संगणक आणि त्यातून वायरी निघून बारा जागांवर गेलेल्या. प्रत्येक जागी फक्त पडदा, कीबोर्ड, माउस आणि तळहाताएवढा एक डबा. खरं काम कोपऱ्यातलं यंत्र करी, बाकीचे बारा नुसते त्याचे डोळे. पडदे कुठल्यातरी कार्यालयातून निघालेले जुने होते, पण रंगीत होते. आम्ही खूश.

चौथीतली एक मुलगी शेवटच्या जागेवर बसायची. एकदा पडद्यावरचा मराठी धडा वाचताना तिने ‘पाण्याची घार’ असं वाचलं. वर्ग हसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच काहीतरी. मी तिच्या प्रगतीपुस्तकात ‘वाचनात सरावाची गरज’ असं लिहून मोकळा झालो. दोन-अडीच महिन्यांनी मला एक सूचना टाइप करायची होती आणि तीच जागा रिकामी होती. मी बसलो, लिहिलं, आणि छापील कागद हातात आल्यावर कळलं की ‘विध्यार्थी’ की ‘विद्यार्थी’ हे मला स्वतःलाच पडद्यावर ओळखता आलं नव्हतं. बी.एड. झालेला, दोन भाषा शिकवणारा माणूस त्या पडद्यावर अडाणी ठरला होता. मुलीला पुस्तक दिलं तर ती घडाघडा वाचत होती.

कारण शोधलं तेव्हा सापडलं ते इतकं साधं की राग यावा. पडद्याचे स्वतःचे बिंदू होते १२८० गुणिले १०२४. डब्यातून निघणारं चित्र मात्र १०२४ गुणिले ७६८. पडदा ते ताणून अंगावर बसवत होता, लहान भावाचा शर्ट मोठ्याने घालावा तसं. एक बिंदू सव्वा बिंदूंवर पसरला की कडा धूसर होते. फुलाच्या चित्रात ते कळत नाही. ‘ध’ची फट मात्र बुजते.

नवे पडदे घ्यायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. “सर, तुम्हाला दोन्ही लिप्या येतात, तुम्हीच बघा.” दुकानात जाण्याआधी मला एक गोष्ट समजून घ्यायची होती. एका संगणकाला अनेक पडदे जोडायची ही पद्धत आली कुठून, आणि चांगला पडदा म्हणजे काय हे आजवर लोकांनी कसं ठरवलं? खरेदीची यादी करायला बसलो आणि इतिहासात शिरलो.

सुरुवात कागदाची आहे. १९६३ साली आलेलं टेलिटाइप ३३ हे यंत्र संगणकाचं उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापायचं, सेकंदाला दहा अक्षरं, तीही इंग्रजी कॅपिटलच. पुढे कागदाच्या जागी काच आली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल आलं आणि त्याची पद्धत इतकी रुजली की आजही संगणकाची काळी खिडकी उघडली की तिच्या पोटात व्हीटी१००च्याच खुणा सापडतात. त्यावर एका ओळीत ८० अक्षरं आणि अशा २४ ओळी मावत. हे ८० सुद्धा त्याहून जुनं. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या भोकं पाडायच्या कार्डावर ८० रकाने होते, तीच सवय पुढे चालत आली.

८० गुणिले २४ म्हणजे १९२० चौकटी. टर्मिनलला लक्षात ठेवायचे ते या १९२० चौकटींत कोणकोणती अक्षरं आहेत एवढंच. अक्षराचा आकार आतल्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असे, मोजक्या बिंदूंचा. मेमरी सोन्याच्या भावाची होती, तेव्हा ही काटकसर शहाणपणाचीच होती. पण ती इंग्रजीच्या अंगाने कापलेली होती. इंग्रजी अक्षर आपल्या चौकटीत एकटं उभं राहतं, शेजाऱ्याला हात लावत नाही. आपल्या देवनागरीत वेलांटी डावीकडे वळते, उकार खाली उतरतो, रफार वर चढतो, जोडाक्षरं एकमेकांच्या कुशीत शिरतात. नस्तालिकची तर बातच वेगळी. तिथे शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत उतरत बसतो. एका अक्षराच्या डोक्यावर दुसरं, त्याच्या पोटाखाली तिसऱ्याचे नुक्ते. अशा लिपीला १९२० समान चौकटी देणं म्हणजे लग्नाच्या जेवणाला शाळेतले कंपासपेटीचे कप्पे देणं.

रंगही या चौकटींच्या जगात आधी आला. आयबीएमचं ३२७९ हे रंगीत टर्मिनल १९७९चं. पण तिथे रंग म्हणजे चित्र नव्हे, खूण. कारकुनाने जिथे लिहायचं ती जागा हिरवी, आधीच छापलेला मजकूर निळा, लक्ष वेधायचं ते लाल किंवा पांढरं. दिवसभर तेच तेच फॉर्म भरणाऱ्या माणसाला याचा खरंच उपयोग होता. रंग शोभेला नव्हता, चूक टाळायला होता. ही गोष्ट मला आवडली, कारण वर्गात लाल खडू मी त्याच कामाला वापरतो.

चौकट मोडली ती वेगळ्याच ठिकाणी. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या उभ्या पडद्यावर ६०६ गुणिले ८०८ बिंदू होते आणि प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे काळा किंवा पांढरा करता येई. त्यासाठी यंत्राच्या मूळ मेमरीतली जवळपास निम्मी एकट्या पडद्याला द्यावी लागली. त्या काळच्या हिशेबाने ही उधळपट्टीच. पण या क्षणापासून पडद्याला अक्षर कुठल्या लिपीचं आहे याच्याशी देणंघेणं उरलं नाही. त्याला फक्त बिंदू ठाऊक. म्हणजे तत्त्वतः तरी, नस्तालिकचा रस्ता तिथे मोकळा झाला.

आता नेटवर्कचा भाग. १९८३ साली अमेरिकेतल्या एमआयटीने डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांना बरोबर घेऊन अथेना नावाचा प्रकल्प सुरू केला. विद्यार्थ्याने आवारात कुठल्याही खोलीत, कुठल्याही कंपनीच्या यंत्रापुढे बसावं आणि त्याला आपलंच काम समोर दिसावं, ही कल्पना. अडचण अशी की प्रत्येक कंपनीचा पडदा वेगळी भाषा बोले. त्यावर १९८४ साली बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स नावाची खिडक्यांची पद्धत उभी केली. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या ‘डब्ल्यू’ या पद्धतीवरून ती निघाली, म्हणून इंग्रजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर. सप्टेंबर १९८७ला तिची अकरावी आवृत्ती आली आणि तीच जगभर पसरली.

एक्समध्ये प्रोग्राम एका यंत्रावर चालतो आणि त्याचं चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटतं. गंमत म्हणजे या पद्धतीत ‘सर्व्हर’ म्हणतात ते तुमच्या पुढ्यातल्या पडद्याकडच्या बाजूला! कारण पडदा, कीबोर्ड आणि माउस यांची सेवा तो पुरवतो आणि लांबचा मोठा संगणक गिऱ्हाईक होऊन ती मागतो. नवशिके इथे हमखास गोंधळतात. मीही दोन दिवस उलटंच समजत होतो.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की प्रोग्राम लांब चालणार असेल तर टेबलावर अख्खा महागडा संगणक कशाला? नुसता एक्स जाणणारा पडदा पुरे. १९८८च्या सुमारास एक्स टर्मिनल बाजारात आली. ती बनवणाऱ्यांत कॅलिफोर्नियातली नेटवर्क कंप्युटिंग डिव्हाइसेस ही कंपनी होती. तिच्या सुरुवातीच्या टर्मिनलचा पडदा १६ इंची, चौकोनी, १०२४ गुणिले १०२४ बिंदूंचा होता, आणि कृष्णधवल. डिजिटल, एचपी, टेक्ट्रॉनिक्स, आयबीएम याही उतरल्या. या टर्मिनलात डिस्क नसे. चालू केलं की ते नेटवर्कवर हाक मारी, ‘मी कोण?’ कुठलंसं यंत्र त्याला पत्ता देई, मग ते आपलं सगळं सामान नेटवर्कवरूनच ओढून घेई. करड्या जाळीदार विणीचा पडदा उमटे, मधोमध फुलीसारखा कर्सर, आणि मग नाव विचारणारी छोटी खिडकी.

या टर्मिनलांची खरेदी करणाऱ्याचा पेच माझ्यासारखाच होता, फक्त माझ्या तीस वर्षं आधीचा. तेवढ्याच पैशांत एक तर अतिशय रेखीव कृष्णधवल पडदा मिळे, नाहीतर मध्यम प्रतीचा रंगीत.

हे असं का, ते मला पुस्तकांआधी मामूंनी शिकवलं होतं. मामू टीव्ही दुरुस्त करत. लहानपणी त्यांनी माझ्या हातात भिंग देऊन चालू टीव्हीच्या काचेला लावायला सांगितलं होतं. आत तांबडे, हिरवे, निळे ठिपकेच ठिपके, पांढरं काहीच नाही. “पांढरा रंग नाहीच, बेटा. तिघं एकत्र पेटतात, तुझी नजर पांढरं समजते.” कृष्णधवल नळीत काचेच्या आतला लेप सलग असतो. किरण जिथे पडेल तिथे उजेड. रंगीत नळीत तीन किरण आणि त्यांच्यापुढे बारीक भोकांचा पत्रा, म्हणजे प्रत्येक किरण आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा. त्यामुळे रंगीत पडद्याचा रेखीवपणा शेवटी त्या भोकांच्या अंतरावर अडतो. जाहिरातीत बिंदूंची संख्या कितीही मोठी लिहा, पत्र्याची भोकं तेवढी दाट नसतील तर तो आकडा कागदावरच राहतो.

साधा हिशेब करून बघा. १९ इंची नळीवर चित्राची रुंदी ३६ सेंटीमीटर धरली आणि त्यात १२८० बिंदू बसवायचे असले, तर एका बिंदूच्या वाट्याला ०.२८ मिलिमीटर येतात. पत्र्यातलं अंतर ०.३१ असेल तर शेजारचे बिंदू एकमेकांत सांडणार. इंग्रजी ‘ई’ वाचता येईल. ‘पे’चे तीन नुक्ते एक डाग होतील. सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीत भोकांऐवजी उभ्या तारांची जाळी असे, त्यामुळे उजेड जास्त आणि रंग टवटवीत. पण तारा थरथरू नयेत म्हणून आडव्या ताणलेल्या बारीक तारेची सावली पांढऱ्या पडद्यावर केसासारखी दिसे. एकदा दिसली की मग रोज दिसायची.

दुसरा प्रश्न मेमरीचा. १२८० गुणिले १०२४ बिंदू काळे-पांढरे असले तर १६० किलोबाइट पुरतात. प्रत्येक बिंदूला २५६ रंगांतला एक द्यायचा तर सव्वा मेगाबाइट लागतात. अस्सल फोटोसारखे रंग हवेत तर पावणेचार. त्यामुळे बहुतेक रंगीत टर्मिनलं २५६ वर थांबली. हे २५६ रंग १ कोटी ६७ लाख छटांमधून निवडता येत, पण एका वेळी तेवढेच, आणि ते सगळ्या खिडक्यांनी वाटून घ्यायचे. एखादा आधाशी प्रोग्राम आला की तो जवळजवळ सगळा रंगतक्ता गिळून बसे. त्याच्या खिडकीत कर्सर नेला की बाकीच्या खिडक्या एकदम जांभळ्या-पोपटी होत. १९९४ साली नेटस्केप ब्राउझर आल्यावर हा अनुभव फार जणांनी घेतला.

तिसरा प्रश्न पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो याचा. साठ वेळा असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर डोळ्याच्या कोपऱ्यातून लुकलुक जाणवे. सत्तरच्या पुढे डोळा निवांत होई. दिवसभर वाचायचं असेल तर रंगांच्या संख्येपेक्षा हा आकडा मोठा होता, पण दुकानातल्या पाच मिनिटांत तो कळत नसे. डोकं दुखायला संध्याकाळ व्हावी लागे.

आणि नेटवर्क. तेव्हाची इथरनेटची वायर सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेई. पूर्ण पडद्याचं २५६ रंगांचं एक चित्र त्याहून थोडं जास्तच भरतं. म्हणजे सगळी वायर एकट्याला मिळाली तरी एका चित्राला सेकंदापेक्षा जास्त वेळ. मजकुराचं तसं नव्हतं. अक्षरांचे आकार टर्मिनलमध्ये एकदा येऊन बसले की नंतर फक्त ‘हे अक्षर, या जागी’ एवढा निरोप पुरे. १९९१पासून तर अक्षरांचे संच नेटवर्कवरच्या एका ठिकाणाहून सगळ्या टर्मिनलांना वाटायची सोय एक्समध्येच आली. चिपमध्ये कोरलेली अक्षरं गेली, मागवता येणारी अक्षरं आली. उर्दूसाठी, मराठीसाठी याहून मोठी बातमी कुठली? फक्त आपल्यासाठी तसे संच कोणी बनवायचे आणि अक्षरं एकमेकांवर कशी बसवायची, ते काम उरलं होतं.

ते काम इतरत्र सुरू होतं, आणि त्याचा एक धागा पुण्यात येतो. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र तयार झालं, ते १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने जिस्ट या नावाने पुढे नेलं. पीसीत एक कार्ड बसवायचं आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामच्या चौकटींमध्ये देवनागरी उमटवायची. त्याच धर्तीचं टर्मिनलही होतं, अनेकांनी एकत्र वापरायच्या संगणकाला जोडता येणारं. चौकटींच्या जगात घुसून त्यातच आपली लिपी बसवण्याची ही करामत मला आजही अचंब्याची वाटते. भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांचं इस्की हे मानक १९९१ साली आलं, ते याच खटपटीतून.

नस्तालिकने चौकटीशी तडजोड केली नाही. तिने वळसा घेतला. १९८१ साली लाहोरच्या ‘जंग’ या दैनिकाने नूरी नस्तालिक वापरायला सुरुवात केली. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने हजारो जोडअक्षरं हाताने लिहिली आणि ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात ती भरली गेली. तोवर उर्दू अख्खी वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. भारतात १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीचं इनपेज आलं, तेही नूरी नस्तालिक घेऊन, आणि विंडोजच्या साध्या पीसीवर.

मी पाहिलेला पहिला उर्दू पडदा आमच्या मोमिनपुऱ्यातल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यातला. १४ इंची, घामट, पंख्याखाली ठेवलेला. ऑपरेटर शब्द दुप्पट मोठा करून नुक्ते मोजायचा, मग लहान करून पुढच्या ओळीकडे जायचा. बाजूला पाटावर एक म्हातारे कातिब बसलेले असायचे. त्यांना कामाला ठेवलेलं नव्हतं, नुक्ते तपासायला बोलावलेलं होतं. दिवसाचे काही रुपये आणि चहा. नवऱ्या मुलाच्या नावात नुक्ता चुकला तर पत्रिका परत येत. ते पडद्याकडे बघतच नसत. “कागज दिखाओ,” एवढंच म्हणत. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा.

एक्स टर्मिनलांचं राज्य फार टिकलं नाही. पीसी स्वस्त झाले, आणि एक्सचं काम करणारं सॉफ्टवेअर पीसीतच बसू लागलं. १९९६च्या आसपास ‘नेटवर्क कंप्युटर’ या नावाने तीच कल्पना पुन्हा गाजली आणि विरली. १९९९ साली सनने सन रे आणलं. त्याच वर्षी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट सुरू झाला. जुनी, डिस्क नसलेली यंत्रं एका चांगल्या संगणकाला जोडायची ती मोफत पद्धत अनेक देशांतल्या शाळांनी उचलली. आमच्या कोपऱ्यातला दणकट संगणक आणि बारा डबे हे त्याच घराण्यातले.

दुकानात गेलो तेव्हा भिंतभर पडदे चालू होते. सगळ्यांवर एकच पोपट, एकाच फांदीवरून उडणारा. रंग पाहून कोणीही भुलेल. विक्रेत्या मुलाने २७ इंची दाखवला. “सर, मुलांना लांबूनही दिसेल.” मी बिंदू किती ते विचारलं. १९२० गुणिले १०८०. शेजारच्या साडेएकवीस इंची पडद्यालाही तेवढेच. कागदावर भागाकार केला. मोठ्या पडद्यावर एका बिंदूची रुंदी ०.३१ मिलिमीटर, छोट्यावर ०.२५. ते ०.३१ बघून मला हसू आलं. तीस वर्षांपूर्वीच्या नळ्यांचा जो आकडा मी नापास केला होता, तोच नव्या वेष्टनात समोर उभा. नव्या पडद्यात बिंदू एकमेकांत सांडत नाहीत हे खरं, पण मुलं पडद्यापासून हातभर अंतरावर बसणार, तिथे जाड बिंदू टोचतोच.

मग मी पेनड्राइव्हवरचं पान उघडायला सांगितलं. वर बारीक नस्तालिकच्या चार ओळी, पे, ते, से, चे यांनी ठासून भरलेल्या. खाली मराठी. घार आणि धार, भात आणि मात, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं, आणि एक ओळ निळ्यावर लाल, मुद्दाम. मुलगा बिचारा चक्रावला. “सर, व्हिडिओ नाही बघायचा?” मी खुर्ची ओढून बसलो, मग डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून, मग उभं राहून, कारण एका पडद्यापुढे दोन-तीन मुलं बसणार होती. दोन स्वस्त पडदे बाजूने पाहताच फिके पडले. त्यावरचा पोपट मात्र बाजूनेही पोपटच दिसत होता.

साडेएकवीस इंची, बाजूने रंग न बदलणारा पडदा ठरला. पण १९२० बिंदूंचं चित्र जुन्या डब्यांतून निघत नव्हतं, म्हणजे डबेही नवे घ्यावे लागणार. हेडमास्तरसाहेबांनी हिशेब पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या पैशांत बारा जागा होत नव्हत्या. आठ होत होत्या. “जुनेच बारा राहू द्या की, रंगीत आहेत,” असं समितीत एकजण म्हणाले. मी त्यांना माझं पान शेवटच्या जागेवर उघडून दिलं आणि तिसरी ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. त्यांनी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

आठ पडदे आले. आता एका पडद्यापुढे कधी दोन मुलं बसतात, कधी तीन, आणि माउस कोणाच्या हातात यावरून रोज एक तरी भांडण होतं. त्या मुलीला मात्र हे पडदे मिळाले नाहीत. तोवर ती पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली होती, आणि माझ्या अक्षरातला तो शेरा असलेलं प्रगतीपुस्तक तिच्याबरोबर गेलं होतं.